गळणारे पाणी आणि गळणारी श्रद्धा

दृढीकरण संस्काराच्या तयारीसाठी भरलेल्या एका धर्मशिक्षण वर्गातील ही हकीकत आमच्या कानी आली. पंधरा वर्षांच्या एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, इर्ल्याच्या क्रूसातून पाणी गळत होते ते तुंबलेल्या गटाराचे होते म्हणे. मी मोबाइलवर तो जुना कार्यक्रम पाहिला. खरे का ते?" शिक्षक सज्जन, सेवाभावी गृहस्थ. त्यांनी उत्तर दिले, "असले कार्यक्रम आपण पाहू नयेत. श्रद्धा बुडवण्यासाठी नास्तिक लोक ते करतात." मुलगा खाली बसला. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्याने एकही प्रश्न विचारला नाही.

वर्गात शांतता नांदली, याबद्दल कोणाला समाधान वाटले असेल तर ते आम्हांला मान्य नाही. त्या मुलाला उत्तर मिळाले नाही. मिळाली ती फक्त एक शिकवण, की खऱ्याखोट्याची चौकशी चर्चच्या आवारात करायची नसते, त्यासाठी मोबाइल असतो. देव नाकारणारा कार्यक्रम जे साधू शकला नसता ते आपल्या एका वाक्याने साधले.

बुद्धिवादाचा, विज्ञाननिष्ठेचा आणि पुष्कळदा उघड नास्तिकतेचा पुरस्कार करणारे दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम ही आता नवी गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी ते एकदा दाखवले जात आणि विस्मरणात जात. आज चाळीस वर्षांपूर्वीचा कार्यक्रमही मुलांच्या तळहातावर केव्हाही उघडतो. त्यांच्याविषयी आपल्या धर्मग्रामांत दोनच सूर ऐकू येतात: बंदी घाला, नाही तर दुर्लक्ष करा. हे दोन्ही सूर आम्हांला भित्रेपणाचे वाटतात. या कार्यक्रमांचे आपण काही देणे लागतो आणि त्यांच्याकडून आपले काही येणेही आहे. देणे चुकते केल्याशिवाय येणे मागण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. म्हणून आधी देण्याचा हिशेब करू.

इर्ल्यापासूनच सुरुवात करावी. मार्च २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ल्याजवळ इर्ला येथील वेलंकणी मातेच्या चर्चमधील क्रूसावरच्या ख्रिस्तमूर्तीच्या पायांपासून पाण्याचे थेंब गळू लागले. भाविकांची गर्दी झाली. लोकांनी ते पाणी गोळा केले. एका वृत्तवाहिनीने भारतीय बुद्धिवादी संघटनेचे तत्कालीन अध्यक्ष सनल एडमरुकू यांना पाचारण केले. त्यांनी जागेची पाहणी केली. जवळच सांडपाण्याची एक नाली तुंबलेली होती. तिचे पाणी भिंतीत मुरत होते आणि केशाकर्षणाने वर चढून क्रूसाच्या लाकडातून बाहेर पडत होते. दिव्याच्या वातीत तेल ज्या नियमाने चढते त्याच नियमाने हे पाणी चढले. ख्रिस्तसभेने या घटनेला अधिकृतपणे चमत्कार म्हटलेले नव्हते. वास्तविक प्रकरण तेथेच संपावयास हवे होते. नाली साफ करून, भिंत कोरडी करून, ते पाणी कोणी प्याले असेल तर त्याच्या प्रकृतीची चौकशी करून.

पण तसे झाले नाही. दूरचित्रवाणीवर चर्चा रंगली. चर्च पैशासाठी चमत्कारांचा बाजार मांडते, असा आरोप एडमरुकू यांनी केला. त्यांनी माफी मागावी अशी मागणी झाली. त्यांनी ती नाकारली. मग काही कॅथॉलिक संघटनांनी पोलिसांत तक्रारी नोंदवल्या. धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावल्याबद्दलचे, तत्कालीन भारतीय दंडसंहितेचे कलम २९५ अ पुढे आले. अटकेच्या शक्यतेने त्या गृहस्थांनी २०१२ सालीच देश सोडला आणि ते फिनलंडला गेले.

आता वाचकांनी थोडे मागे जावे. २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस ज्यांना आठवतो त्यांना त्या दिवशीच्या रांगाही आठवतील. गणपतीच्या मूर्ती दूध पितात अशी वार्ता देशभर पसरली. शास्त्रज्ञांनी पृष्ठताण आणि केशाकर्षण ही कारणे सांगितली. चमच्याच्या कडेवरचे दूध दगडाला टेकताच ओढले जाते आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्यापैकी कितीजणांनी त्या वेळी घरात बसून गालातल्या गालात हसत ते स्पष्टीकरण ऐकले? पुढे ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाल्याची हाकाटी झाली आणि लोक बाटल्या भरभरून ते गढूळ पाणी पिऊ लागले. पावसाळ्यात मिठी नदीतून आलेल्या गोड्या पाण्याने खाडीच्या मुखाशी खारटपणा कमी होतो, असे जाणकारांनी सांगितले. तेही आपल्याला चटकन पटले.

म्हणजे १९९५ साली शेजाऱ्याच्या देवळात आपण केशाकर्षण मान्य केले आणि २०१२ साली आपल्या चर्चच्या भिंतीत तेच केशाकर्षण आपल्याला धर्मनिंदा वाटले! निसर्गाचा नियम एकच. बदलले ते घर. दुसऱ्याच्या अंगणात दिसते ती अंधश्रद्धा आणि आपल्या अंगणात घडते तो चमत्कार, या न्यायाला आम्ही श्रद्धा म्हणण्यास तयार नाही. तो नुसता जमातीचा अभिमान आहे. एडमरुकू यांना फक्त ख्रिस्ती माणसे दिसतात, असे म्हणण्याचीही सोय नाही. मार्च २००८ मध्ये याच गृहस्थांनी एका हिंदी वृत्तवाहिनीवर एका तांत्रिकाला आव्हान दिले होते की, मंत्राने मला मारून दाखवा. तांत्रिकाने तासन् तास मंत्र म्हटले. हे हसत बसून राहिले. तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्या हातांनीच चार वर्षांनी तक्रार लिहिली.

पोलिसांकडे धाव घेण्यात आणखी एक अदूरदृष्टी होती. भावना दुखावल्याच्या कायद्याचे शस्त्र दुधारी असते. १९२७ साली ते कलम आले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी ती तरतूद नव्या क्रमांकाने तशीच राहिली आहे. आपण या देशातील अल्पसंख्य आहोत. प्रार्थनेसाठी जमलेल्या आपल्याच बांधवांवर, आपल्याच धर्मभगिनींवर तक्रारी होतात आणि तपास होण्यापूर्वीच त्यांना कोठडी पाहावी लागते, हे अनेक राज्यांतील धर्मांतरविरोधी कायद्यांच्या निमित्ताने आपण अनुभवत आहोत. 'आमच्या भावना दुखावल्या' एवढ्यावर माणसाला तुरुंगाची भीती घालता येते, हे तत्त्व आपण एकदा मान्य केले की, तेच आपल्यावर चालवले जात असता आपण कोणत्या तोंडाने अन्याय म्हणणार?

आणि इर्ल्याच्या घटनेला दीड वर्षही लोटले नव्हते, तोच २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या घालून हत्या झाली. तक्रारअर्ज आणि पिस्तूल यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, हे आम्ही जाणतो. तक्रार करणाऱ्या कोणा बांधवाला आम्ही त्या मारेकऱ्यांच्या पंक्तीला बसवत नाही. तथापि, प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देण्याऐवजी गप्प बसवावे, या इच्छेच्या रस्त्यावर आपणही काही पावले टाकली, हे कबूल करावयास हवे. पापनिवेदनाची सवय असलेल्या समाजाला हे कबूल करणे जड जाऊ नये.

याउलट ख्रिस्तसभा स्वतः कशी वागली त्याचे एक उदाहरण आहे. नोव्हेंबर १९९४ मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोर या वाहिनीवर मदर तेरेसा यांच्यावर कठोर टीका करणारा अर्ध्या तासाचा माहितीपट झळकला. लेखक व निवेदक होते ख्रिस्तोफर हिचन्स. त्याचे शीर्षकच 'नरकातील देवदूत' अशा अर्थाचे होते. जगभरच्या कॅथॉलिक मनाला त्याने केवढी जखम केली! मदर १९९७ साली निवर्तल्या. त्यांना धन्यवादित घोषित करण्याची प्रक्रिया सुरू झाली तेव्हा, २००१ साली, ख्रिस्तसभेने त्याच हिचन्सना वॉशिंग्टन येथे साक्षीसाठी बोलावले. त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, नोंदवून घेतले. २००३ साली मदर धन्यवादित झाल्या आणि ४ सप्टेंबर २०१६ रोजी संत. निवाडा हिचन्स यांच्या विरुद्ध गेला. पण साक्ष घेतली गेली. जिची आपण लेकरे म्हणवतो त्या मातेने विरोधकाला खुर्ची दिली. आपण विरोधकाला कोठडी दाखवली.

हिचन्स यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असेही नाही. १९६९ साली माल्कम मगरिज यांनी बीबीसीसाठी मदरवर एक चित्रपट केला होता. कालीघाटच्या निर्मल हृदयात इतका अंधार होता की चित्रीकरण होईल अशी आशा नव्हती. पण चित्रफीत धुऊन पाहिली तो दृश्ये सुंदर, मंद प्रकाशात न्हालेली! हा दैवी प्रकाश आहे, असे मगरिज यांनी जाहीर केले आणि ती कथा आपल्या किती प्रवचनांत, किती पुस्तिकांत शिरली त्याची गणती नाही. छायाचित्रकार केन मॅकमिलन यांनी मात्र पुढे सांगितले की, कोडॅक कंपनीची कमी उजेडात चालणारी नवी फिल्म त्यांनी त्या वेळी वापरली होती. हिचन्स यांनी ही साक्ष जगापुढे मांडली. आम्ही विचारतो, यात मदरचे काय कमी झाले? मरणोन्मुख माणसाच्या जखमा धुणाऱ्या हातांना कोडॅकच्या प्रकाशाची गरज नव्हती. गरज आपल्याला होती. सेवेचा चमत्कार आपल्याला पुरेसा वाटला नाही, म्हणून आपण फिल्मचा चमत्कार कवटाळला.

देण्याच्या वहीत आणखी एक नोंद करावयास हवी. अमेरिकेत पीटर पॉपॉफ नावाचा धर्मोपदेशक रोग बरे करण्याच्या सभा भरवी. अनोळखी माणसाचे नाव, पत्ता, आजार तो अचूक सांगे. लोक म्हणत, पवित्र आत्मा बोलतो. १९८६ साली जेम्स रँडी या जादूगाराने आपल्या सहकाऱ्यांच्या मदतीने, पॉपॉफच्या कानातील यंत्रात येणारे रेडिओसंदेश पकडले. बोलत होती ती त्याची पत्नी; भाविकांनी सभेपूर्वी भरून दिलेली माहिती ती त्याला वाचून दाखवत होती. जॉनी कार्सन यांच्या लोकप्रिय कार्यक्रमात रँडी यांनी ते ध्वनिमुद्रण ऐकवले आणि पुढच्याच वर्षी पॉपॉफने दिवाळे काढले. प्रभू येशूच्या नावावर चाललेली ही लूट कोणी थांबवली? रँडी नास्तिक होते. मंदिरातील सराफांचे चौरंग उलथण्याचे काम आपण केले नाही, म्हणून त्यांना करावे लागले. काही वर्षांनी हा पॉपॉफ पुन्हा पडद्यावर अवतरला हे ध्यानात घेतले, म्हणजे अशा कार्यक्रमांची गरज संपलेली नाही हेही पटेल.

आपल्या घरांतील जाणत्यांना आणखी एक कार्यक्रम आठवत असेल. १९९१ च्या सुमारास दूरदर्शनवर 'टर्निंग पॉइंट' नावाची विज्ञानमालिका लागे. प्रा. यश पाल प्रेक्षकांच्या साध्यासुध्या शंकांना हसतमुखाने उत्तरे देत. कोणाची टिंगल नाही, कोणावर आरोप नाही. शंका विचारणे ही लाजेची गोष्ट नव्हे, हे त्यांनी आपल्या मुलांना शिकवले. आमचे धर्मशिक्षण वर्ग त्यांच्याइतके उदार असते तर प्रारंभी सांगितलेला मुलगा खाली बसला नसता.

हे झाले देणे. आता येणे मागतो, आणि ते तितक्याच स्पष्टपणे.

आमची तक्रार अशी की, हे कार्यक्रम पुष्कळदा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उडी मारतात आणि उडी मारली हे प्रेक्षकाला सांगत नाहीत. 'हे पाणी गटाराचे आहे' हे विज्ञानाचे विधान. ते तपासता येते, चुकीचे असेल तर खोडून काढता येते. 'म्हणून ख्रिस्ताचा क्रूस ही फसवणूक आहे' आणि 'म्हणून देव नाही' ही विज्ञानाची विधाने नव्हेत. ती तत्त्वज्ञानातील मते आहेत. ती बाळगण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. परंतु प्रयोगशाळेचा पांढरा झगा घालून ती उच्चारण्याचा अधिकार कोणालाच नाही. इर्ल्याचेच पाहा. पाणी नालीतून आले हा एडमरुकू यांचा शोध खरा असेल, तर ते कोणा धर्मगुरूने आणले नव्हते हेही त्याच शोधाने सिद्ध होते. तुंबलेल्या नालीला ना हेतू असतो ना दानपेटी. भोळेपणाचा ठपका त्यांनी ठेवला असता तर आम्ही मान खाली घातली असती. बाजार मांडल्याचा आरोप मात्र त्यांच्याच पुराव्यातून निघत नव्हता. पुरावा जेथे संपला तेथे बुद्धिवाद्याने थांबावयास हवे होते. पण थांबला तर तो दूरचित्रवाणीचा कार्यक्रम कसला!

या माध्यमाचा स्वभावच असा आहे की, त्याला शंका परवडत नाही, अगदी शंकेखोरांचीसुद्धा. जानेवारी २००६ मध्ये चॅनेल फोरने रिचर्ड डॉकिन्स यांचा दोन भागांचा माहितीपट दाखवला. धर्म हेच सर्व अनर्थांचे मूळ आहे काय, असे त्याचे प्रश्नार्थक शीर्षक होते. हे शीर्षक डॉकिन्स यांना स्वतःला पसंत नव्हते. कोणतीही एकच गोष्ट सर्व अनर्थांचे मूळ असू शकत नाही, असे त्यांचे मत. पण वाहिनीला ते हवे होते. ज्या शास्त्रज्ञाचा विज्ञानाच्या काटेकोरपणावर एवढा भर, त्याच्या कार्यक्रमाच्या माथ्यावर त्यालाच न पटणारे नाव झळकले. मग आतल्या मजकुराचे काय?

त्या माहितीपटात डॉकिन्स लूर्दला गेले. तेथील गर्दी, मेणबत्त्या, आजारी माणसांच्या रांगा पडद्यावर आल्या. परंतु लूर्दमध्ये १८८३ पासून वैद्यकीय तपासणीचे कार्यालय आहे. कॅथॉलिक नसलेल्या, श्रद्धा नसलेल्या डॉक्टरांनाही तेथील कागदपत्रे पाहता येतात. बरे झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी तेथे झाल्या. त्यांपैकी २०२५ पर्यंत ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केल्या केवळ ७२. ज्या संस्थेने शंभर दाव्यांतील एकाला जेमतेम होकार दिला आहे, तिला भोळसट कसे म्हणावे? त्या ७२ विषयीही कोणाला शंका असू शकते, अवश्य असावी. पण चौकशी करणारी मंडळी आतही आहेत, हे प्रेक्षकाला ठाऊक झाले पाहिजे.

इतिहासाचेही तेच. कार्ल सेगन यांची 'कॉसमॉस' ही १९८० सालची तेरा भागांची मालिका आम्ही मनापासून नावाजतो. ताऱ्यांकडे नम्रतेने पाहायला तिने एका पिढीला शिकवले. शेवटच्या भागात अलेक्झांड्रियाच्या विदुषी हायपेशिया यांची कथा येते. इ.स. ४१५ मध्ये ख्रिस्ती म्हणवणाऱ्या जमावाने तिचा निर्घृण वध केला. ते पाप आपले आहे. त्याला सबब नाही. पण तिच्या वधाची आणि अलेक्झांड्रियाच्या महान ग्रंथालयाच्या नाशाची सांगड घालून, ख्रिस्ती माणसांनी ज्ञानाचा दिवा विझवला असे जे चित्र प्रेक्षकाच्या मनावर उमटते, ते इतिहासाला धरून नाही. ते ग्रंथालय तिच्या काळाच्या पुष्कळ आधीच ऱ्हासाला गेले होते.

याच मालिकेचा नवा अवतार मार्च २०१४ मध्ये आला. निवेदक नील डिग्रास टायसन. पहिल्याच भागात जोर्दानो ब्रूनोची जीवनकथा व्यंगचित्रपटाच्या रूपाने मांडली होती. १७ फेब्रुवारी १६०० रोजी रोममध्ये ब्रूनोला जिवंत जाळण्यात आले. मतासाठी माणसाला जाळणे हे महापाप होय. ख्रिस्तसभेने २००० साली त्याबद्दल खेद व्यक्त केला आहे. पण ब्रूनो हा शास्त्रज्ञ नव्हता, हे निवेदकानेही सांगितले. त्याच्यावरील आरोपांत त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयीच्या मतांचा मोठा भाग होता. अनेक विश्वांची कल्पना त्यांतील एक. तरीही डोळ्यांपुढे राहते ती एकच प्रतिमा: तारे म्हणजे सूर्य आहेत असे म्हणणारा माणूस आणि त्याला जाळणारे आपण. अंतराळात अन्यत्रही वस्ती असावी असा विचार कुसाच्या निकोलसने १४४० मध्येच लिहून ठेवला होता. त्याला कोणी जाळले नाही. १४४८ मध्ये तो कार्डिनल झाला. हे दुसरे चित्र पहिल्याच्या शेजारी ठेवले, म्हणजे गोष्ट गुंतागुंतीची होते. गुंतागुंत सत्याला मानवते. व्यंगचित्रपटाला मानवत नाही.

नियतीचा विनोद असा की, त्याच २०१४ साली, विज्ञान लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या कार्याबद्दल अमेरिकेतील ग्रहशास्त्रज्ञांच्या संस्थेने सेगन यांच्या नावाचे पदक दिले ते येशूसंघीय बंधू गाय कॉन्सोलमॅन्यो यांना. हे उल्काशास्त्रज्ञ पुढच्याच वर्षी व्हॅटिकन वेधशाळेचे संचालक झाले. श्रद्धा आणि विज्ञान यांचे हाडवैर असते, तर हे पदक त्या गळ्यात पडले नसते.

आणि या वादाचा निकाल ज्याने फार पूर्वीच देऊन ठेवला, तो एक धर्मगुरूच होता. बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ साली विश्व प्रसरण पावत आहे असे गणिताने मांडले आणि १९३१ साली विश्वाचा आरंभ एका आदिम अणूपासून झाला असावा ही कल्पना पुढे आणली. आज तिलाच आपण बिग बँग म्हणतो. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या नव्या शोधात सृष्टीनिर्मितीची साक्ष पाहिली. कोणाही धर्मगुरूला याहून मोठा गौरव काय हवा होता? लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत देवाच्या बाजूने वापरला जावा हे त्यांना मान्य नव्हते. उद्या तो चुकीचा ठरला तर? त्यांनी आपली चिंता रोमपर्यंत पोहोचवली आणि पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांपुढे बोलताना पोपमहोदयांनी ते विधान पुन्हा केले नाही.

लमेत्र यांच्या या संयमात आमचे सारे म्हणणे आले. विज्ञानाच्या समीकरणातून देव सिद्ध करू नका, असे एक धर्मगुरू पोपना सांगू शकतो. तर त्याच समीकरणातून देव असिद्ध करू नका, असे दूरचित्रवाणीच्या पंडितांना आम्ही का सांगू नये? नियम दोघांना सारखा हवा. जो बुद्धिवादी दुसऱ्याच्या विधानाला पुरावा मागतो आणि स्वतःच्या शेवटच्या वाक्याला मागत नाही, त्याचा बुद्धिवाद अर्ध्या वाटेवर थकलेला आहे. आणि जो श्रद्धावंत दुसऱ्याच्या मूर्तीला पुरावा मागतो आणि स्वतःच्या क्रूसाला मागत नाही, त्याची श्रद्धाही त्याच वाटेवर धाप टाकत बसलेली आहे.

संत ऑगस्टीन यांनी सोळाशे वर्षांपूर्वी बजावले होते की, पृथ्वी, आकाश, ऋतू यांविषयी ख्रिस्ती माणूस धर्मग्रंथाच्या नावाने भलतेसलते बोलू लागला, तर ऐकणारे हसतील आणि मग पुनरुत्थानावरही विश्वास ठेवणार नाहीत. आज तो धोका कार्यक्रमांपेक्षा आपल्या वागण्यातून अधिक आहे. थेंबावर श्रद्धा उभारली की नळकारागीर तिचा शत्रू होतो. ज्याने मंदिराच्या शिखरावरून उडी घेऊन दाखवण्यास नकार दिला, चिन्हे मागणाऱ्या पिढीला ज्याने कानपिचक्या दिल्या, त्या प्रभूच्या अनुयायांना भिंतीची ओल एवढी का हवीहवीशी वाटावी?

मग करावे काय? आमचे सांगणे साधे आहे. चर्चमध्ये कोठे पाणी गळले, मूर्ती ओलसर दिसली, तर आधी नळकारागिराला बोलवावे; त्याचे काम संपल्यावर उरलेच काही, तर बिशपमहोदयांना कळवावे. हे आमचे पदरचे नाही. १९ मे २०२४ पासून लागू झालेल्या व्हॅटिकनच्या नव्या नियमांनीही अशा घटनांची सावध चौकशी सांगितली आहे, आणि चौकशीअंती अनुकूल मत झाले तरी ख्रिस्तसभा सामान्यतः 'भक्तीला हरकत नाही' एवढेच म्हणेल; घटना अलौकिक आहे असे जाहीर करणार नाही. रोम जेथे इतके जपून पाऊल टाकते, तेथे आपण पाण्याच्या बाटल्या घेऊन धावू नये.

दुसरे, हे कार्यक्रम मुलांपासून लपवू नयेत. ते लपत नाहीत. संध्याकाळच्या जपमाळेनंतर आईवडिलांनी मुलांसोबत बसून एखादा भाग पाहावा आणि मग विचारावे, यात तपासलेले काय आणि नुसते म्हटलेले काय? उडी कोठे मारली? ही एक सवय मुलांना लागली, तर ती नास्तिकांच्या कार्यक्रमापुढेही टिकतील आणि रोग बरे करण्याचा बाजार मांडणाऱ्या भोंदूंपुढेही. तिसरे, यापुढे अशा प्रसंगी आपल्यापैकी कोणी पोलीसचौकीची पायरी चढू नये. आपल्यापाशी लेखणी आहे, व्यासपीठ आहे, विद्वान धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ प्रापंचिकही आहेत. उत्तर द्यावे, नसेल तर 'तुमचे खरे आहे' असे म्हणावे.

आता राहिला तो वर्गातला मुलगा. त्याच्या शिक्षकांना आमची हात जोडून विनंती आहे की, त्यांनी त्याला पुन्हा उभे करावे आणि सांगावे, "होय बाळा, ते पाणी नालीचेच होते. तू विचारलेस ते बरे केलेस. त्या क्रूसावर ज्याची मूर्ती आहे तो पाण्याने ओळखला जात नाही. चल, आता त्याच्याविषयी बोलू." थोमाने शंका घेतली तेव्हा प्रभूने दार लावून घेतले नव्हते, लावलेल्या दारातून तो आत आला आणि त्याने आपल्या जखमा पुढे केल्या. आपणही दारे लावून बसलो आहोत. आतल्या भीतीचे नाव आपण श्रद्धा ठेवले आहे, एवढाच फरक.